घड्याळ कोणतं घेऊ, मॅडम?

क्लिनिकमध्ये गुडघा दाखवायला आलेली माणसं हल्ली निघता निघता मनगट पुढे करतात. "मॅडम, हे बरोबर दाखवतं का हो?" किंवा "मुलगा घेऊन देतो म्हणतोय, कोणतं घेऊ?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, घड्याळांच्या दुकानात बसत नाही. पण पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी प्रबंधासाठी मी लोकांच्या कमरेला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीचे हिसके टिपणारी छोटी डबी, बांधत नाशिकभर फिरलेली आहे. त्यामुळे या यंत्रांबद्दल माझी काही मतं आहेत आणि ती दारात उभ्या उभ्या सांगून होत नाहीत. म्हणून एकदा इथे लिहून टाकते.

कंपनी कोणती हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते यंत्र अंगावर बांधलंय कुठे.

मागे एका रविवारी मी सगळंच अंगावर चढवलं. डाव्या मनगटावर घड्याळ, कमरेच्या पट्ट्यात ॲक्सेलरोमीटर, उजव्या मांडीवर चिकटपट्टीखाली आणखी एक यंत्र (ही दोन्ही कॉलेजच्या लॅबमधून मैत्रिणीने दिलेली) आणि फोन नेहमीसारखा पर्समध्ये, नाहीतर ओट्यावर. "अगं, चंद्रावर निघालीस का?" असं घरातून विचारून झालं. रात्री घड्याळ म्हणालं, साडेनऊ हजार पावलं. कमरेवरचं सात हजारांच्याही आत. फोनच्या मते मी जेमतेम तीन हजार चालले होते. बाई एक, दिवस एक आणि यातलं एकही यंत्र बिघडलेलं नाही.

फोनचं कोडं सोपं आहे. तो अंगावर असेल तेवढंच मोजणार. पुरुषांच्या खिशात तो दिवसभर असतो. आमच्या पंजाबी ड्रेसला खिसा असलाच तर त्यात रुमालही मावत नाही. तेव्हा नवराबायकोने आपापल्या फोनमधली पावलं ताडून बघायची आणि "तू दिवसभर घरातच असतेस" या निष्कर्षावर यायचं, हा प्रकार आधी बंद करा.

कमरेची गोष्ट जुनी आहे. माझ्या गाइड सरांच्या कपाटात एक जपानी पेडोमीटर होता, यामॅक्सचा डिजी-वॉकर. झाकण उघडलं की आत स्प्रिंगवर तोललेली बारीक दांडी दिसायची. पाऊल टेकलं की कमरेला वरखाली हिसका बसतो, दांडी हलते, सर्किट जुळतं आणि आकडा एकाने वाढतो. संपलं. बॅटरी वर्ष वर्ष जायची नाही. दहा हजार पावलांचं खूळही अशाच जपानी डबीने आणलं. टोकियो ऑलिम्पिक झालं १९६४ला. पुढच्याच वर्षी यामासा कंपनीने पेडोमीटर बाजारात आणला आणि त्याच्या जाहिरातीबरोबर तो गोल आकडा जगभर गेला. दवाखान्यातल्या कुठल्या चाचणीने तो ठरवलेला नव्हता.

या दांडीची अडचण अशी की सावकाश चालणाऱ्याच्या कमरेला पुरेसा हिसका बसत नाही. ताशी तीन किलोमीटरच्या खाली ती पावलं गाळायला लागते. पोट सुटलेलं असेल तर पट्ट्यावरची डबी पुढे कलते आणि आणखी गाळते. म्हणजे ज्यांच्या हालचालीची डॉक्टरला खरी काळजी, त्या म्हाताऱ्या आणि वजनदार माणसांच्या बाबतीतच ती जास्त चुकते.

संशोधनात मग दांडी गेली आणि चिप आली. अमेरिकेतल्या पेन्साकोला गावच्या ॲक्टिग्राफची लाल डबी गेल्या वीसेक वर्षांत इतकी वापरली गेलीय की त्या क्षेत्रात ती जवळजवळ प्रमाण मानली जाते. सेकंदाला तीस ते शंभर वेळा ती कमरेचा प्रवेग टिपते, तिन्ही दिशांनी. तिच्यावर आकडा दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. आकडा दिसला की माणूस लगेच जिना चढायला लागतो.

पण ती बांधायची कशी, हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. पट्टा उजव्या खुब्याच्या हाडावर घट्ट हवा. साडी नेसणाऱ्या बाईला तो परकराच्या नाडीखालून घ्यावा लागतो, नाहीतर निऱ्यांच्या घोळात डबी वेगळीच झुलत राहते. शिवाय आंघोळीला काढायचा, ओल्या अंगाला बोचतो म्हणून जरा वेळाने घालू म्हणायचं, मग पूजा, मग कुकर आणि मग दुपारी आठवण. दिवसातून किमान दहा तास आणि आठवड्यातून किमान चार दिवस यंत्र अंगावर असेल तरच त्या व्यक्तीची नोंद धरायची असा आमचा नियम होता. बहुतेक अभ्यासांत तोच असतो.

यंत्र अंगावर होतं की खुंटीला, हे संगणकाने ओळखायचं कसं? सलग साठ मिनिटं हालचाल शून्य दिसली की काढून ठेवलं असं समजायचं. मी पहिल्या काही नोंदी उघडल्या तर बऱ्याच बायका दुपारी दोनच्या सुमाराला यंत्र काढून ठेवताना दिसल्या. फोन करून विचारलं तर कुणीच काढलेलं नव्हतं. त्या झोपल्या होत्या! नाशिककरांची वामकुक्षी त्या नियमात बसत नव्हती. आता काही जण नव्वद मिनिटांचा नियम लावतात. त्याने काम थोडं सुधारतं, पण रविवारच्या श्रीखंडानंतरची झोप त्यालाही पुरून उरते.

कमरेवरच्या यंत्राची दुसरी गोची जास्त खोल आहे. ते हालचालीचे 'काउंट' देतं, म्हणजे कंबर किती आणि किती जोराने हलली याचा यंत्राने आपल्या गणिताने काढलेला आकडा. ते ठरावीक आकड्याच्या वर गेले की ती मिनिटं मध्यम श्रमाची धरायची. फार वापरला जाणारा आकडा आहे मिनिटाला १९५२ काउंट, फ्रीडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली काढलेला. कसा काढला? पन्नास जणांना ट्रेडमिलवर ताशी ४.८, ६.४ आणि ९.७ किलोमीटरने चालवून आणि पळवून. ट्रेडमिलवर! त्यात बादली उचलणं नाही, धुणं पिळणं नाही, दळणाचा डबा काखोटीला मारून गिरणीत जाणं नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना धाप लागते, छाती भरून येते, पण कमरेवरच्या डबीला तेच सपाटीवरचं चालणं वाटतं, उलट जरा मंदावलेलं. सायकलवर तर कंबर स्थिरच. सायकलवाल्यांच्या या नाशकात चाळीस किलोमीटर दामटून आलेला माणूस तिच्या लेखी खुर्चीत बसून होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००३-०४ साली लोकांच्या कमरेला ॲक्टिग्राफचंच जुनं यंत्र बांधलं. त्यातून निघालं की शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ पाच टक्केसुद्धा नाहीत. तेव्हा सलग दहा मिनिटांच्या आतली हालचाल त्या हिशेबात धरतच नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या शिफारशींतून ही दहा मिनिटांची अट काढून टाकली. म्हणजे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, पण तुकड्या-तुकड्यांनी चालतील. बायकांच्या दिवसाला हा बदल फार मोठा आहे, कारण आमचा दिवसच तुकड्यांचा.

मांडीवरचं यंत्र मला सगळ्यात आवडतं, ते तुम्हाला कधीच दुकानात दिसणार नसलं तरी. ॲक्टिवपॅल, ग्लासगोचं. ते पारदर्शक चिकटपट्टीखाली मांडीच्या पुढच्या बाजूला लावतात आणि मांडीचा कोन बघतात. मांडी आडवी तर माणूस बसलेला किंवा आडवा, उभी तर उभा, उभी आणि झुलती तर चालतोय. इतकं साधं. आणि बैठेपणा मोजायला याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही, कारण बैठेपणाची व्याख्याच 'बसून, रेलून किंवा पडून, दीड मेट किंवा त्याहून कमी श्रम' अशी आहे (एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर शरीराला लागते तेवढी ऊर्जा). ओट्याशी उभं राहून तासभर भाजी चिरणारी बाई कमरेवरच्या यंत्राला बसलेली दिसते, कारण तिथे काउंट शंभराच्या खाली असतात. मांडीवरचं सांगतं, उभी आहे. माझ्याकडे टाच दुखते म्हणून येणाऱ्या बायकांचा सगळा इतिहास या एका फरकात आहे.

पण तेही बनलंय खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी उकिडवं बसून पुसतात. मांडी आडवी, म्हणजे यंत्राच्या मते बसलेल्या, आणि घाम तर पाठीवरून ओघळतोय. मी पुसते ती गुडघे टेकून. मांडी उभी, म्हणून मी उभी. फडकं तेच, फरशी तीच. आमच्या दोघींतलं नेमकं कोण आराम करतंय म्हणायचं?

आता मनगट. मोठ्या अभ्यासांनीही कमरेवरून मनगटावर मुक्काम हलवला तो मुख्यतः लोक ते काढत नाहीत म्हणून. अमेरिकेच्या त्याच पाहणीने २०११पासून मनगट घेतलं. ब्रिटनच्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त लोकांना ॲक्झिव्हिटीचं यंत्र टपालाने पाठवलं, आठवडाभर मनगटावर घालायला लावलं आणि टपालानेच परत मागवलं. त्या साठ्यातून पुढे बरंच काही निघालं. त्यातलं मला आवडलेलं २०२२चं. मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजारांवर लोकांत, दिवसातून तीनेकदा एक-दोन मिनिटं जोराची हालचाल होत असलेल्यांचं, म्हणजे बस पकडायला धावणं, जड पिशव्या घेऊन जिना चढणं वगैरे, मृत्यूचं प्रमाण अशी हालचाल अजिबात नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसलं. त्या हालचालीमुळेच माणसं जास्त जगली, हे अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही. मुळात धावू शकणारा माणूस धडधाकटच असतो. पण प्रश्न विचारून अशी मिनिटं कधीच हाती लागली नसती. रिक्षा पकडायला काल किती सेकंद धावलात, हे कुणाला सांगता येईल?

घरात वापरताना मनगटाचा स्वभाव कळतो. माझ्या त्या रविवारी घड्याळाने जास्तीची जी पावलं लावली, त्यातली चांगली मूठभर भाकरी थापताना पडली. एका जागी उभी राहून मी भाकऱ्या करत होते, थपथप चालली होती आणि शेजारी आकडा चढत होता. थापणं लयीत असतं, चालण्याच्या लयीच्या आसपास, म्हणून ते फसतं. कणीक तिंबताना तितकं नाही, कारण तिथे जोर असतो पण झोका नसतो. आरतीला टाळ्या वाजवल्या की पुन्हा भर. खड्ड्यांतून स्कूटर चालवली की अजून थोडी. उलट मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तास काढा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातून या, नातवंडाची बाबागाडी ढकला, घड्याळ मख्ख. आमच्या सोसायटीतल्या चालण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला गृहस्थ फोनवर हातवारे करत बोलतो, एवढं नमूद करून मी पुढे जाते.

हृदयाचे ठोके ही घड्याळाची जमेची बाजू. खाली जो हिरवा दिवा लुकलुकतो तो कातडीखालच्या रक्ताचं भरणं-ओसरणं बघतो. त्यासाठी घड्याळ कातडीला टेकलेलं हवं. आमच्या बायका ते बांगड्यांच्या मध्ये सैलसर घालतात आणि मग ठोके १७० दाखवतं म्हणून घाबरून फोन करतात. दोन बोटं वर, हाडापासून दूर, नीट आवळून घाला. व्यायामापुरतं तरी.

कॅलरी मात्र सोडून द्या. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात घड्याळं साठ जणांच्या मनगटांवर तपासली. ठोके सातांपैकी सहा घड्याळांनी पाच टक्क्यांच्या चुकीत बसवले. कॅलरीत सगळ्यात बरं घड्याळ २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून मॉडेलं बदलली आहेत, मान्य. पण तुम्ही किती ऊर्जा जाळली हे मनगटाच्या हलण्यावरून आणि ठोक्यांवरून अंदाजाने काढायचं, हा मूळ मामला बदललेला नाही. 'चारशे जळल्या' म्हणून वर एक कचोरी खाणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आणि प्रश्नावली? तीही एक प्रकारे मापनयंत्रच. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते आणि भारतात जवळजवळ निम्मे. बायकांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. आपल्या वर्तमानपत्रांत 'भारतीय आळशी' असे मथळे आले. हे आकडे लोकांना विचारून काढलेले आहेत, यंत्र बांधून नव्हे. मी स्वतः जागतिक आरोग्य संघटनेची ती सोळा प्रश्नांची प्रश्नावली घेऊन दारोदार बसलेली आहे. घरकाम 'काम' म्हणून धरायचं असं तिच्यात स्पष्ट आहे. पण समोरची बाई आधीच सांगून मोकळी होते, "माझं कसलं आलंय काम, घरातलंच." खोदून विचारलं तर विहिरीवरून पाणी निघतं, गोठा निघतो, सासऱ्यांना उचलून बसवणं निघतं. खोदायला वेळ नसलेल्या मुलाने तो फॉर्म भरला तर बाई बैठी ठरते. आमच्या मावशींना मी एकदा गमतीने विचारलं, "व्यायाम करता का?" तर म्हणाल्या, "मग काम कोण करील ताई?"

म्हणून यंत्र हवंच. पण एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या मापाने वाचू नका, ही माझी खरी कळकळ आहे. अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांचा, सरासरी वय ७२, एक अभ्यास २०१९ साली आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं आणि ७,५००च्या आसपास फायद्याची चढण संपत होती. बातमी सगळ्यांनी वाचली. त्यातली पावलं कमरेवरच्या ॲक्टिग्राफने मोजलेली होती हे कुणी वाचलं नाही. भाकऱ्यांसकटची मनगटावरची ७,५०० आणि कमरेवरची ७,५०० एक नव्हेत. नंतर २०२२ साली पंधरा अभ्यास एकत्र करून निघालं की साठीच्या पुढे ६ ते ८ हजारांवर आणि त्याआधी ८ ते १० हजारांवर फायदा सपाट होतो. ते अभ्यासही वेगवेगळ्या यंत्रांचे. म्हणून मी पेशंटला हजाराच्या पटीतलं ध्येय देतच नाही. आहे ते घड्याळ, आहे त्याच हातात, पंधरा दिवस काही न बदलता घाला. जो सरासरी आकडा येईल त्यावर पाचशे-हजार वाढवू. घड्याळ चुकत असेल, पण रोज साधारण तेवढंच आणि त्याच बाजूला चुकेल. मध्येच कंपनीने रात्रीतून सॉफ्टवेअर बदललं तर मात्र पंचाईत. ॲक्टिग्राफने आपल्या काउंटचं गणित २०२२ साली खुलं केलं, घड्याळवाले आपलं सांगत नाहीत.

नवं घ्यायचंच असेल तर स्वस्तातलं घ्या, पट्टा चांगला असलेलं. पडद्यावर काय दिसतं यापेक्षा ते रात्रंदिवस हातावर टिकतं का, हे महत्त्वाचं.

एक अपवाद आमच्याच घरात आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई वॉकर घेऊन चालतात. हात वॉकरवर घट्ट, पाऊल वीतभर. मुलाने हौसेने आणलेलं घड्याळ दिवसाअखेर शेदीडशे पावलं दाखवायचं आणि त्या हिरमुसायच्या. "एवढी येरझाऱ्या घालते गं मी." सावकाश चालणाऱ्यांसाठी घोट्यावर बांधायचं स्टेपवॉच नावाचं संशोधनातलं यंत्र आहे आणि ते अशा चालीत कमरेपेक्षा कितीतरी नेमकं ठरतं. ते आपल्याला कुठून परवडणार? मग मी त्यांचंच घड्याळ मोज्यावरून घोट्याला बांधलं आणि हॉलमधून देवघरापर्यंत त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजत गेले. मोजून चाळीस पावलं झाली, घड्याळाने चौतीस दाखवली. तेच हातावर असताना दोन! (एकाच पायावर बांधल्यावर कुठलं घड्याळ सगळी मोजेल आणि कुठलं निम्मी, हे मॉडेलवर आहे. स्वतः मोजून बघा.) ठोके अर्थातच तिथे नीट येत नाहीत, ते बंद करून टाकले.

"आता पायात घड्याळ," म्हणाल्या, पण दुपारी स्वतःहून एक फेरी जास्त मारली. घोट्याला पट्टा अपुरा पडतो, म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून त्याला इलॅस्टिकचा तुकडा जोडून आणलाय.